आतला लूप पुन्हा एकपासून

प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आल्या की माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या मोबाइलवर तेच ते फोटो फिरायला लागतात. कुठल्या तरी सिनियरच्या जर्नलची पानं. आकड्यांचे त्रिकोण, उलटे त्रिकोण, पिरॅमिड, आणि प्रत्येकाखाली त्याचा प्रोग्राम. मुलं हे चक्क पाठ करतात. ‘पहिल्यात जे छापायचा, दुसऱ्यात आय, तिसऱ्यात के’ अशी प्रोग्राममधल्या आकड्यांची नावं पुटपुटत फेऱ्या मारणारा मुलगा मी माझ्या अंगणात पाहिलाय. मग परीक्षक पाचाऐवजी सात ओळी मागतो, किंवा तोच त्रिकोण उजव्या कडेला टेकवून मागतो, आणि पाठांतराचं पितळ तिथल्या तिथं उघडं पडतं.

मी फोंड्याला राहते. संध्याकाळी घराच्या सोप्यावर प्रोग्रामिंगची शिकवणी घेते. शिरोडा, बोरी, मडकई अशा आजूबाजूच्या गावांतली मुलं येतात; बहुतेक अकरावी-बारावीची, थोडी कॉलेजच्या पहिल्या वर्षाची. सगळ्यांची मी ‘टीचर’. गोव्यात शिकवणाऱ्या बाईला दुसरं नावच नसतं, भाजीवालीसुद्धा मला टीचरच म्हणते. या मुलांना एक लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणारी सूचना, छान येतो. एकपासून दहापर्यंत आकडे छाप म्हटलं की बोलता बोलता छापतात. लुपाच्या पोटात दुसरा लूप, म्हणजे नेस्टेड लूप, घातला की चेहरे उतरतात, आणि मागच्या सतरंजीवरून हळूच ऐकू येतं, ‘टीचर, म्हज्यान जायना’, माझ्याच्यानं होत नाही.

त्यांच्यासाठी, आणि जी मुलं माझ्याकडे येत नाहीत त्यांच्यासाठीही, आज हे एकदा नीट लिहून टाकते. पायथन या भाषेतले प्रोग्राम खाली देवनागरीत लिहिलेत. मशीनवर टाकताना अर्थात ते इंग्रजी अक्षरांत टाकायचे. देवनागरी मुद्दाम आहे: कॉपी-पेस्ट करून काही चालणार नाही, एकेक शब्द वाचून स्वतः टंकावा लागेल.

सगळ्यांत साधा त्रिकोण घ्या.

१
१ २
१ २ ३
१ २ ३ ४
१ २ ३ ४ ५

माझ्याकडे यावर पहिलं काम तोंडानं करायचं असतं. लॅपटॉप बंद. चित्राकडे बघून मराठीत किंवा कोंकणीत, जी जिभेवर येईल त्या भाषेत, काय दिसतं ते सांगायचं. मुलं सांगतात: पहिल्या ओळीत एक, दुसऱ्या ओळीत एक दोन, तिसऱ्या ओळीत एक दोन तीन. मी म्हणते, हे मला दिसतंय. मला अठराव्या ओळीत काय असेल ते सांगा. जरा चुळबुळ होते, मग कोणीतरी म्हणतं: एकपासून अठरापर्यंत. आणि कुठल्याही ओळीत? ‘ज्या नंबरची ओळ, त्या नंबरापर्यंत.’

झाला प्रोग्राम. ‘कुठल्याही ओळीत काय’ या प्रश्नाचं एका वाक्यातलं उत्तर ज्याला देता आलं, त्याचं खरं काम संपलं. पुढची नुसती हमाली. ज्याला ते वाक्य सापडलेलं नाही, त्यानं कीबोर्डला हात लावू नये, असा माझ्याकडे नियमच आहे.

ती हमाली अशी दिसते:

फॉर आय इन रेंज(१, ६):
    फॉर जे इन रेंज(१, आय + १):
        प्रिंट(जे, एंड=" ")
    प्रिंट()

आय म्हणजे ओळीचा नंबर. जे म्हणजे त्या ओळीत आपण कितव्या आकड्यावर आहोत ते. एंड=" " म्हणजे आकडा छापल्यावर ओळ मोडू नको, नुसती जागा सोड; शेवटचा रिकामा प्रिंट ओळ मोडतो. पायथनमध्ये रेंजचा शेवटचा आकडा धरत नाहीत, म्हणून पाच ओळींसाठी सहा लिहायचं आणि आयपर्यंत जायचं तर आय अधिक एक. इथं नुसतं आय लिहिलं की पहिली ओळ कोरी येते आणि शेवटची चारवर थांबते. हे इतक्या जणांचं होतं की कोरी पहिली ओळ दिसली की मी वही न बघताच ‘अधिक एक’ म्हणते.

आय आणि जे हीच नावं का, असं दर बॅचला कोणीतरी विचारतंच. गणितात बेरजेच्या आणि मॅट्रिक्सच्या खुणा म्हणून ही अक्षरं आधीपासून होती. नंतर १९५७ साली आलेल्या फोरट्रान भाषेनं ठरवून टाकलं की आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारं नाव वेगळं काही सांगितलं नसेल तर पूर्णांकाचं समजायचं. ती सवय भाषेमागून भाषा चालत आली. तुम्ही खुशाल ‘ओळ’ आणि ‘घर’ अशी नावं द्या. सुरुवातीला तर मी ती द्यायलाच लावते, कारण आयच्या जागी जे पडलेला लवकर दिसत नाही, ‘ओळ’च्या जागी ‘घर’ पडलं तर डोळ्याला खुपतं.

पावसाळ्यात आमच्याकडे संध्याकाळची वीज जाते. एखादी फांदी तारेवर पडली की तास-दीड तास निश्चिंती. मुलांना आनंद होतो, मला त्यांच्याहून जास्त होतो, कारण तेव्हा ड्राय रन होतो, म्हणजे मशीनशिवाय कागदावर प्रोग्राम चालवणं. पाठकोरे कागद वाटायचे. प्रत्येक कागदावर तीन रकाने: आय, जे, आणि पडद्यावर काय आलं. आता तुम्हीच कॉम्प्युटर. एकेक पायरी लिहा, घाई करायची नाही.

आय एक. जे एक. पडद्यावर १. आतला लूप संपला, ओळ मोडली.
आय दोन. जे... आणि इथं पेन्सिली थबकतात. अर्धा वर्ग जेच्या रकान्यात दोन लिहितो. बाकीचा एक लिहून शेजाऱ्याच्या कागदावरचा दोन बघतो आणि आपला खोडतो.

जे तिथं एकच. बाहेरचा लूप एक पाऊल पुढं गेला की आतला लूप नव्यानं जन्माला येतो, आणि त्याला मागच्या ओळीतलं काही आठवत नसतं. आय जिथं होता तिथून पुढं जातो, जे दर वेळी पुन्हा एकपासून. नेस्टेड लूप न कळण्याचं मला दिसलेलं सगळ्यांत मोठं कारण हेच. वाक्यरचना मुलांना येते, इंडेंटेशन, म्हणजे ओळी आत ढकलून लिहिणं, येतं. जे पुन्हा एकवर आला हे मनाला पटलेलं नसतं. पटायला तो खोडलेला दोन लागतो. पडद्यावर प्रोग्राम चालवला तर पंधरा आकडे एका क्षणात येऊन बसतात, काय घडलं ते दिसतच नाही.

आणि खरं तर हे मराठी घरातल्या मुलांना आधीपासून येत असतं. निदान यायला हवं. मी गावातल्या मराठी प्राथमिक शाळेत शिकले, दिवेलागणीला घरी परवचा म्हणायला लागायचा. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ. बेचा पाढा दाहे वीसवर संपला की तीन. आणि तीन कुठून सुरू व्हायचा? तीन एके तीन. परत एकपासूनच. माझ्या वर्गातली बरीच मुलं ‘टू वन्झा टू, टू टूझा फोर’ म्हणतात. चालेल, लूप तोच आहे. म्हणून आकड्यांच्या त्रिकोणाआधी मी पाढ्यांचा तक्ता छापायला देते: बाहेर आय दोनपासून दहापर्यंत, आत जे एकपासून दहापर्यंत, छापायचं आय गुणिले जे. एवढंच. जो पोरगा त्रिकोणाला घाबरतो तो हा तक्ता मुकाट्यानं करतो, कारण पुढं काय यायला हवं हे त्याच्या कानाला माहीत असतं.

(दहाच्या पुढचे आकडे आले की तक्त्याचे रकाने वाकडे होतात. प्रत्येक आकड्याला चार घरांची ठरावीक रुंदी द्या, सरळ होतात. यावर तासभर घालवणारी मुलं आहेत, त्यांना पुढं डिझाइनला पाठवावं.)

आता गंमत. वरच्या पहिल्या त्रिकोणात जे छापला होता. एक अक्षर बदलून आय छापा.

१
२ २
३ ३ ३
४ ४ ४ ४
५ ५ ५ ५ ५

आय गुणिले जे छापा.

१
२ ४
३ ६ ९
४ ८ १२ १६
५ १० १५ २० २५

लुपांना हात लावलेला नाही, आकार तोच आहे, आकडे बदलले. उजव्या तिरक्या कडेला १, ४, ९, १६, २५, म्हणजे वर्ग उभे राहिले, कारण तिथं जे आयइतका झालेला असतो. जर्नलमध्ये हे तीन वेगळे प्रोग्राम म्हणून लिहिलेले असतात, तीन पानांवर, प्रत्येकाला वेगळा उद्देश आणि वेगळा निष्कर्ष. माझ्या मते हा एकच प्रोग्राम आहे. आकार कोण ठरवतं आणि आकडा कोण ठरवतं हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की जर्नलमधली निम्मी पानं आपोआप गळतात.

शेवटचा तो एकटा प्रिंट कुठं बसतो, यावर थोडं. तो बाहेरच्या लुपाच्या आत, पण आतल्याच्या बाहेर असायला हवा. चार स्पेस आत ढकलला गेला तर प्रत्येक आकड्यानंतर ओळ मोडते आणि सगळा त्रिकोण एका उभ्या माळेत खाली उतरतो. विसरलाच तर सगळं एका आडव्या ओळीत: १ १ २ १ २ ३ १ २ ३ ४ १ २ ३ ४ ५. मी मुलांना दोन्ही चुका मुद्दाम करून दाखवायला सांगते. चूक दिसल्यावर कारण ओळखता येणं हे बरोबर उत्तरापेक्षा परीक्षेत जास्त कामाला येतं, परीक्षेत शेजारी मी नसते.

शिरोड्याच्या एका मुलीनं गेल्या पावसाळ्यात विचारलेला प्रश्न मला फार आवडला. दोन्ही लुपांना आयच नाव दिलं तर? करून बघ म्हटलं. पायथनमध्ये पाच बाय पाचचा चौकोन बरोबर आला. तोच सी या दुसऱ्या भाषेत लिहिला तर एकच ओळ छापून प्रोग्राम बंद. आता हे उलगडून सांग म्हटल्यावर तिनं पुन्हा तीन रकाने आखले, म्हणजे या वेळी दोनच, आयला स्वतंत्र जोडीदार नव्हता ना. सीमध्ये बाहेरचा लूप आतल्याच आयकडे बघतो: आतला लूप आयला सहावर सोडतो, बाहेरचा त्यात एक मिळवून सात करतो, सात पाचापेक्षा मोठा, खेळ खलास. पायथनचा बाहेरचा लूप आपला हिशेब रेंजकडे वेगळा ठेवतो. आत कोणी आयची कितीही नासधूस केली तरी पुढच्या फेरीला तो आपला पुढचा आकडा आयमध्ये आणून ठेवतो. हे तिला पुस्तकात सापडलं नसतं. त्यानंतर तिनं त्रिकोणावर तेच करून बघितलं. सीमध्ये आतली अट ‘आय हा आयपेक्षा लहान किंवा समान’ अशी झाली, जी नेहमीच खरी. आकडे धावायला लागले ते थांबेचनात, शेवटी प्रोग्राम बळेच थांबवायला कंट्रोल-सी दाबावं लागलं.

लुपात लूप ही कल्पना कॉम्प्युटरपेक्षा जुनी आहे, हेही सांगून टाकते. चार्ल्स बॅबेजच्या अ‍ॅनालिटिकल एंजिनवर एडा लव्हलेसनं १८४३ साली लिहिलेल्या टिपांत चक्राच्या पोटातल्या चक्राची चर्चा आहे. ते यंत्र कधी पुरं बांधूनच झालं नाही. न बांधलेल्या यंत्रासाठी बाई नेस्टेड लुपाचा विचार करत होत्या आणि आमची पोरं लॅपटॉप समोर असून फोटो पाठ करतात. असो.

माझा लाडका पॅटर्न फ्लॉइडचा त्रिकोण.

१
२ ३
४ ५ ६
७ ८ ९ १०
११ १२ १३ १४ १५

रॉबर्ट फ्लॉइड या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाच्या नावानं तो ओळखला जातो. त्यांना १९७८ साली संगणकशास्त्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, अर्थात या त्रिकोणासाठी नव्हे. इथं आकडा ओळ बदलली तरी मागं येत नाही, पुढंच चालत राहतो. म्हणजे तो जे नाही आणि आयही नाही. तिसरा कोणीतरी हवा.

के = १
फॉर आय इन रेंज(१, ६):
    फॉर जे इन रेंज(१, आय + १):
        प्रिंट(के, एंड=" ")
        के = के + १
    प्रिंट()

‘के = १’ ही ओळ दोन्ही लुपांच्या बाहेर आहे. ती उचलून बाहेरच्या लुपाच्या आत, आतल्या लुपाच्या वर ठेवा. काय होतं? के प्रत्येक ओळीला पुन्हा एक होतो आणि आपला पहिला, साधा त्रिकोण परत येतो. आणखी आत, दोन्ही लुपांच्या पोटात, छापण्याच्या ओळीच्या वर ठेवा. सगळीकडे एकच एक. तीच एक ओळ, तीन जागा, तीन चित्रं. गोष्ट कुठं सुरू होते त्यावर ती किती काळ लक्षात राहते हे ठरतं, आणि हे मुलांना मी कितीही बोलून सांगितलं असतं तरी या तीन चित्रांइतकं पोचलं नसतं.

फ्लॉइडच्या त्रिकोणावर मग मशीन न वापरता मी एक प्रश्न घालते: १०० हा आकडा कितव्या ओळीत येईल? काही जण खरंच लिहायला बसतात. सहाव्या-सातव्या ओळीपर्यंत हात दुखतो आणि मग डोकं चालू लागतं. प्रत्येक ओळीचा शेवटचा आकडा बघा: १, ३, ६, १०, १५. ओळीचा नंबर गुणिले त्याच्या पुढचा नंबर, भागिले दोन. तेरावी ओळ ९१ वर संपते, चौदावी १०५ वर. म्हणजे १०० चौदाव्या ओळीत, डावीकडून नववा. आणि आतला लूप एकूण किती वेळा फिरतो याचंही उत्तर त्यातच आलं. पाच ओळींना १५ वेळा, शंभर ओळींना ५०५० वेळा. बारावीला पुढं जे वेळेच्या हिशेबाचं प्रकरण येतं त्याची ही ओळख समजा.

अजून एक. चौथ्या ओळीची बेरीज करा: ७, ८, ९, १०. चौतीस. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात चार बाय चारचा एक जादूचा चौरस कोरलेला आहे, कुठूनही बेरीज करा, आडवी, उभी, तिरकी, चौतीसच येते. म्हणून त्याला चौतीसा यंत्र म्हणतात. हा योगायोग नाही. फ्लॉइडच्या तिसऱ्या ओळीची बेरीज १५ आणि तीन बाय तीनच्या जादूच्या चौरसाचीही १५. पाचव्या ओळीची ६५, पाच बाय पाचच्या चौरसाचीही ६५. का, ते तुम्ही शोधा. एकपासून २५ पर्यंतची बेरीज पाचांत वाटली की काय येतं यापासून सुरुवात करा.

पिरॅमिडकडे फार वेळ थांबत नाही. त्यात अवघड एकच: रिकाम्या जागा दिसत नाहीत, आणि जे दिसत नाही ते पोरं मोजत नाहीत. त्यावर माझा तोडगा म्हणजे रिकाम्या जागेच्या ठिकाणी टिंब द्यायचं.

....१
...१२१
..१२३२१
.१२३४३२१
१२३४५४३२१

आता बोला. कुठल्याही ओळीत काय? आधी टिंबं, पाच वजा ओळीचा नंबर इतकी. मग एकपासून ओळीच्या नंबरापर्यंत चढत. मग त्याच्या आधीच्या नंबरापासून एकपर्यंत उतरत. आत तीन लूप, एकाखाली एक. ते एकमेकांच्या पोटात नाहीत, शेजारी आहेत. इथं बरीच मुलं तिन्ही एकात एक घालतात आणि पडद्यावर आकड्यांची रास पडते. चित्र जमलं की टिंबाच्या जागी स्पेस टाकायची.

हे आकडे आणखी कुठं भेटतात पाहा. ११ गुणिले ११ करा, १२१. १११ गुणिले १११, १२३२१. असं नऊ एकांपर्यंत पिरॅमिड शाबूत राहतो: १२३४५६७८९८७६५४३२१. दहा एकांचा वर्ग केला की हातचा आडवा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ होतं. चढत्या बाजूचा आठ गायब, मधे दोन शून्यं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हे करू नका, तो बऱ्याचदा इतके आकडे दाखवण्याऐवजी काहीतरी गोल उत्तर देतो. पायथनला कितीही मोठा पूर्णांक चालतो.

माझ्याकडे शिकून गेलेला आणि आता मोठ्या पगाराची नोकरी करणारा एक मुलगा चतुर्थीला आला की हमखास मला छेडतो: टीचर, अजून त्रिकोणच? नोकरीत कोण त्रिकोण छापतं? कोणीच नाही छापत, बाबा. पण तू रोज ज्या पडद्यासमोर बसतोस तो १९२० बाय १०८० असेल तर त्यात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके आहेत, आणि एखादा फोटो काळा-पांढरा करायचा तर ओळीमागून ओळ आणि ओळीतल्या ठिपक्यामागून ठिपका असंच कुठंतरी, कोणीतरी, कधीतरी लिहिलेलं असतं. तो हसतो, म्हणतो त्याला आता लायब्ररी असते, दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तयार प्रोग्राम. असते. लायब्ररीच्या पोटात काय असतं ते विचारलं की नेवऱ्या खायला लागतो.

पास्कलचा त्रिकोण, ज्यात वरच्या दोन आकड्यांची बेरीज खाली येते, तो इथं घेत नाही. आपल्याकडे हलायुधानं दहाव्या शतकात पिंगलाच्या छंदसूत्रांवर भाष्य करताना तो मेरुप्रस्तार म्हणून मांडला होता, आणि त्यात वरच्या ओळीची आठवण ठेवावी लागते, म्हणजे लिस्ट, आकड्यांची साठवलेली यादी, आली. लिस्टवर वेगळं लिहीन.

शेवटचा पॅटर्न मी बॅचच्या शेवटी शेवटी देते, आणि तो जर्नलच्या फोटोत नसतो याची खात्री करून देते.

३ ३ ३ ३ ३
३ २ २ २ ३
३ २ १ २ ३
३ २ २ २ ३
३ ३ ३ ३ ३

इथं ‘ज्या नंबरची ओळ त्या नंबरापर्यंत’ चालत नाही. दुसऱ्या ओळीत दोन आहेत पण तीनही आहेत, आणि चौथी ओळ दुसरीसारखीच. मुलं आधी इफ, म्हणजे ‘असं असेल तर’ अशा अटी, घालून घालून लढतात. पहिली आणि पाचवी ओळ असेल तर सगळे तीन. दुसरी असेल तर कडेला तीन, मधे दोन. मधली असेल तर... दहा-बारा इफ होतात, आणि मी सातचा चौकोन मागितला की सगळे फुकट.

या वर्षी मडकईची एक मुलगी, फार न बोलणारी, चित्राकडे बघत म्हणाली, ‘टीचर, ही देवळाची तळी.’ फोंडा महालात वाढलेल्या कोणालाही हे लगेच दिसतं: चारी बाजूंनी पायऱ्या उतरत गेलेल्या, मधे पाणी. मग वर्गात दोन तट पडले. एक गट पाण्यापासून वर मोजू लागला. मधल्या घरापासून तुम्ही आडवे किती घरं लांब, उभे किती घरं लांब, दोन्हींतलं जे मोठं ते घ्या, त्यात एक मिळवा. मधलं घर तिसऱ्या ओळीतलं तिसरं. म्हणजे आय वजा तीन आणि जे वजा तीन, वजाचं चिन्ह सोडून द्या, मोठं घ्या, अधिक एक. पंचवीसही घरं बरोबर. एकही इफ नाही.

दुसरा गट काठावरून खाली उतरला. चारी काठांपैकी सगळ्यांत जवळचा काठ किती घरं लांब ते मोजा आणि तीनमधून वजा करा. आय वजा एक, जे वजा एक, पाच वजा आय, पाच वजा जे. चौघांतलं लहान घ्या. पंचवीसही घरं बरोबर, इथंही इफ नाही. कोणाचं चांगलं यावर भांडण. पहिला गट म्हणाला आमचं लहान आहे, दोनच वजाबाक्या. दिसायला खरंच ते नेटकं आहे.

मी फळ्यावर सहा बाय सहाचा चौकोन काढला.

३ ३ ३ ३ ३ ३
३ २ २ २ २ ३
३ २ १ १ २ ३
३ २ १ १ २ ३
३ २ २ २ २ ३
३ ३ ३ ३ ३ ३

पाण्याच्या गटाला मधलं घरच सापडेना. मध्य तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधल्या रेघेवर, म्हणजे साडेतीनवर जातो, आणि मग सगळे आकडे अर्ध्यात येतात. काठाच्या गटानं पाचच्या जागी सहा लिहिलं आणि चालवलं. आलं. पाण्याचा गट अजून हार मानायला तयार नाही. साडेतीन धरून ‘अधिक एक’च्या जागी ‘अधिक अर्धा’ केलं की आपलंही चालतं, असं त्यांनी कालच मेसेज करून कळवलंय, आणि ते बरोबर आहे. आता सम आणि विषम दोन्ही चौकोनांना चालेल असं एकच सूत्र पाण्याकडून मोजून लिहून आणा, असं त्यांना सांगितलंय.